राग ओकून टाकला की शमतो का?

‘एकदा काय ते ओकून टाक, मोकळं वाटेल,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. मला तो घातक वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ सालच्या प्रयोगात चिडलेल्या विद्यार्थ्यांना, ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. दोन मिनिटं नुसते बसून राहिलेले अधिक शांत होते. स्वयंपाकघरात भांडी आपटतानाही हेच होतं, प्रत्येक आवाजासरशी जुना अपमान ताजा होतो. मग राग गिळायचा का? मुळीच नाही. गिळलेला राग अबोला होऊन बाहेर येतो, आणि दोन-दोन दिवसांचा अबोला ही समोरच्याला शिक्षाच असते. थांबणं वेगळं. ‘आत्ता मी फार चिडलोय, जेवणानंतर बोलू,’ असं सांगून उठा. आणि जेवण झालं की विषय तुम्हीच काढा.