पडद्यावरचे चमत्कार आणि पाया

पडद्यावर देव आकाशातून उतरतात, माणसे क्षणात अदृश्य होतात. ही विद्या शिकविणारे अभ्यासक्रम आज शहरोशहरी आहेत. राजुऱ्याहून तिकडे जाऊ पाहणारे माझे काही वर्गमित्र विचारतात, "संगणक कोणता घ्यावा?" मला वाटते, आधी विचारावे, "शिकावे काय?"

दादासाहेब फाळके यांचेच उदाहरण घ्या. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, छपाईचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोगही केले. १९१२ मध्ये उगवत्या वाटाण्याची चित्रे दिवसांमागून दिवस घेऊन त्यांनी पडद्यावर रोप झरझर वाढताना दाखविले. त्यानंतर १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला. चित्रपट काढण्यापूर्वीच त्यांची नजर तयार झाली होती.

संगणकाने साधन बदलले. नियम तेच राहिले. समजा, वर्धा नदीच्या पुलावर वाघ चालताना दाखवायचा आहे. पूल आणि वाघ वेगवेगळे चित्रित करून नंतर जोडतात. पण पुलावर ऊन डावीकडून आणि वाघावर उजवीकडून पडले, की लबाडी उघडी पडते. सावली, अंतर, रंग हे सारे सेकंदाच्या २४ चित्रांत जुळावे लागते.

ही जाण रेखाटनाने आणि निरीक्षणाने येते. त्याला स्टुडिओ लागत नाही. शहरातल्या शिक्षणाचा खर्च घरच्यांच्या कष्टातून निघतो. म्हणून संस्था निवडताना जाहिरात बाजूला ठेवून तेथील विद्यार्थ्यांचे काम पाहावे. तोवर मित्रहो, वही घेऊन आपल्याच बाजारातले सकाळचे आणि संध्याकाळचे ऊन रेखाटू या.