घाटात इंजिन टकटक का करते?

गळीत हंगाम आटोपला की आपल्यातले बरेच सभासद घरच्यांना घेऊन मोटारीने गणपतीपुळे, रत्नागिरीला जाऊन येतात. परतताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागले की काही गाड्यांच्या इंजिनातून टकटक ऐकू येते. गाडी माणसांनी भरलेली, ऊन रणरणते, गिअर वरचा आणि पाय ॲक्सिलेटरवर. "चालायचंच!" म्हणून आपण तशीच दामटतो. यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात, आणि ते चालू द्यायचे नसते.

प्लगची ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रमाने जळत कडेपर्यंत जावे, पाचटाचा जाळ बांधाकडून पुढे सरकतो तसे. (पाचट जाळू नका, हे आम्ही दरसाल सांगतोच, उदाहरणापुरते घ्यावे.) पण जाळ पोचण्याआधीच पलीकडचे मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाब एकदम उसळून पिस्टनला हादरे बसतात. तोच हा आवाज. कमी ऑक्टेनचे किंवा रॉकेलची भेसळ असलेले पेट्रोल, आत साचलेला कार्बन, इंजिन तापणे, ठिणगी वेळेआधी पडणे, ही त्याची कारणे. दुर्लक्ष केले तर हेड गॅस्केट जळते, रिंगा तुटतात, पिस्टनला भोकही पडते. मग सगळे इंजिन खोलावे लागते. नव्या गाड्यांत सेन्सर ठिणगी मागे घेतो. आवाज थांबतो, पण ताकद घटते. डिझेलची टकटक मात्र निराळी, तिची गल्लत नको.

या दुखण्यावर १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी शिसेयुक्त औषध शोधले. ते विषारी, आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. इथेनॉलही तेच काम करते. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, साध्या पेट्रोलचा ९१. म्हणजे आपल्या उसाच्या मळीतून निघणारी वस्तू नॉकिंगला आवर घालते! २००१ साली मिरज व मनमाड येथे मिश्रणाचे प्रयोग झाले, २००३ पासून आपल्या राज्यात ५ टक्के मिश्रण आले, आता २० टक्के आहे. मात्र लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते, हेही सांगितलेच पाहिजे. शिवाय जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याला टिकतील का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

घाटात आवाज आलाच तर पाय सैल करून खालचा गिअर टाकावा. काटा तापल्याचे दाखवत असेल तर गाडी कडेला घ्यावी, पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. सपाटीवरही टकटक राहिली तर प्लग, टायमिंग आणि कूलंट तपासून घ्यावे.