अंगठ्याची कडी आणि बारा शब्दांची किल्ली

सही करतां न येणाऱ्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणविण्याची आपली जुनी खोड. आज पदवीधर गृहस्थहि दिवसांतून शंभरदां मोबाईल फोनवर अंगठा टेकतो आणि त्यांत त्याला कांहीं कमीपणा वाटत नाहीं. फोन उघडण्यापुरतें तें ठीकच आहे. परंतु त्याच फोनांत क्रिप्टोकरन्सीचें वॉलेट असेल आणि तेंहि अंगठ्यानेंच उघडावें अशी सोय करावयाची असेल, तर हा अंगठा काय उघडतो आणि काय उघडूं शकत नाहीं, हें आधीं पक्कें ठाऊक हवें. कारण येथें घोटाळा झाला तर दाद मागावयाला कचेरी नाहीं.

ज्याची किल्ली आपल्याच हातीं राहते अशा वॉलेटविषयीं मी बोलतों आहें. मेटामास्क हें त्यांतलें एक सुपरिचित. वॉलेट म्हणजे पाकीट खरें, पण या पाकिटांत पैसे नसतात. ईथर नांवाच्या चलनाचा जमाखर्च जगभरच्या हजारों संगणकांवर एकाच मजकुरानें ठेवलेल्या खुल्या खातेवहींत असतो. फोनांत असते ती आपल्या रकमेवर हुकूम चालविणारी गुप्त किल्ली. ती किल्ली पुन्हां घडवितां यावी म्हणून बारा शब्द दिलेले असतात. २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरीव यादी आहे. तींतून यदृच्छेनें निघालेले हे बारा शब्द त्याच क्रमानें ज्याच्या हातीं पडतील, तो त्या धनाचा धनी. त्याला तुमचा फोन लागत नाहीं, आणि अंगठाहि लागत नाहीं.

मग अंगठा करतो तरी काय? वॉलेट उभारतांना आपण परवलीचा एक शब्द ठरवितों. अंगठ्याची सोय चालू केली कीं तो शब्द फोनाच्या सुरक्षित कप्प्यांत जाऊन बसतो, आणि ठसा जुळला म्हणजे फोन तो आपल्या वतीनें वॉलेटला सांगतो. थोडक्यांत, अंगठा ही दाराची कडी आहे. पुष्कळांना भय वाटतें कीं, आपला ठसा त्या वॉलेटवाल्या कंपनीकडे जाईल. आधारसाठीं दिलेले ठसे मध्यवर्ती भांडारांत जातात, म्हणून ही शंका येणें स्वाभाविक आहे. पण फोनाची रीत तशी नाहीं. आयफोनमध्यें २०१३ सालीं ठशाचें यंत्र आलें, तेव्हांपासून ठशाची गणिती खूण फोनांतल्याच एका अलग भागांत कोंडलेली असते. वॉलेटला कळतें तें एवढेंच कीं, जुळला किंवा जुळला नाहीं.

आतां कृति. प्रथम बारा शब्द शाईनें कागदावर उतरून घ्यावे. त्यांचें छायाचित्र काढूं नये. हें झाल्यावांचून पुढें जाऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. मग फोनाच्या सेटिंग्जमध्यें बोट किंवा चेहरा नोंदवावा. नंतर वॉलेटच्या सेटिंग्जमधील सुरक्षेच्या सदरांत बोटानें वा चेहऱ्यानें उघडण्याचें बटण असतें तें चालू करावें. तें परवलीचा शब्द विचारतें, तो द्यावा. झालें. या कामांत बारा शब्द मागण्याचें कोणालाहि कारण पडत नाहीं. 'ठशाची पडताळणी' म्हणून कोणी ते मागितले तर तो भामटा समजावा.

खरी मेख फोनांत आधींपासून कोणाचीं बोटें आहेत यांत आहे. आपल्या घरांत फोन एकट्याचा राहतोच कोठें! मुलाचें बोट, पत्नीचें बोट, कधीं दुकानांतल्या विश्वासू माणसाचेंहि. फोन या बोटांत मालक कोण हा भेद करीत नाहीं. त्यांपैकीं कोणतेंहि टेकलें तरी तो वॉलेटला 'जुळला' असेंच कळवितो. शिवाय ज्याला फोनाचे आंकडे ठाऊक तो आपलें बोट नव्यानें नोंदवूं शकतो. नवें बोट दिसतांच सोय बंद करून परवलीचा शब्द मागण्याची योजना कांहीं वॉलेटांत असते, सर्वांत नसते. तेव्हां फोनाचे आंकडे जन्मतारखेचे असतील तर ते आजच बदलावे.

ठशालाहि चकवितां येतें. आयफोनचें तें यंत्र बाजारांत आल्यावर थोड्याच दिवसांत जर्मनींतील केऑस कॉम्प्युटर क्लबनें कांचेवर उमटलेल्या ठशावरून बनावट बोट करून फोन उघडून दाखविला. निजलेल्या माणसाचें बोट टेकविणें तर त्याहूनहि सोपें. अ‍ॅपल कंपनीच्या सांगण्याप्रमाणें परक्याचें एखादें बोट चुकून जुळण्याचा संभव ५०,००० त एक, चेहरा जुळण्याचा दहा लाखांत एक; मात्र जुळ्या भावंडांच्या बाबतींत हा दुसरा हिशेब लागू पडत नाहीं. आणि परवलीचा शब्द फुटला तर बदलतां येतो, बोट कसें बदलणार? म्हणून मोठी रक्कम अशा फोनांत ठेवूं नये. भाजीला जातांना खिशांत ठेवतों तितकीच ठेवावी.

दुसरें असें कीं, बोटाची संवय जडली म्हणजे परवलीचा शब्द विस्मृतींत जातो. फोन हरवला, मोडला किंवा वॉलेट काढून पुन्हां घातलें, कीं बोट निरुपयोगी ठरतें. आणि विसरलेला शब्द मेटामास्कवाले सांगूं शकत नाहींत, कारण तो त्यांच्याजवळ नसतोच. तेथें कामास येतो तो तुमचा कागद. बँकेंत आपण नामनिर्देशन करून ठेवतों. वॉलेटला वारस ठाऊक नसतो, आणि मालकाबरोबर त्याचें बोटहि जातें. तो कागद कपाटाच्या कोणत्या कप्प्यांत आहे हें घरांतल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावें, आणि वॉलेटांत चार पैसे आहेत तोंवरच दुसऱ्या फोनावर ते बारा शब्द घालून तें उघडतें कीं नाहीं, हें एकदां पाहून घ्यावें.