विमानाचा संगणक आणि रेडिओ : सिम्युलेटरच्या खेळातून नेमकं काय शिकता येतं?

नंदुरबार (प्रतिनिधी) : पावसाळा सरून आभाळ मोकळं झालं की पांढरी रेघ ओढत जाणारी विमानं जिल्ह्यात कुठूनही दिसतात. नंदुरबारला प्रवासी विमानतळ नाही, पण डोक्यावरचं हे आभाळ मुंबईच्या हवाई नियंत्रण क्षेत्रात येतं. एवढ्या उंचीवर वैमानिक हातानं विमान क्वचितच हाकतो. वाट संगणक धरतो आणि परवानगी रेडिओवरून मिळते.

गावोगावची पोरं आता मोबाईलवर विमानाचे खेळ खेळतात. विमान उडवणं आणि उतरवणं अनेकांना जमतं. पण खरी विद्या आहे ती संगणकात वाट भरण्याची आणि नियंत्रकाशी बोलण्याची. ही दोन्ही कामं घरबसल्या शिकता येतात.

सिम्युलेटर कुठले?

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून आहे. एक्स-प्लेनही प्रसिद्ध आहे. हे दोन्ही विकत घ्यावे लागतात आणि त्यांना चांगला संगणक लागतो. फ्लाइटगियर मात्र पूर्ण फुकट आहे. मोबाईलवर इन्फिनिट फ्लाइटसारखे खेळ चालतात, पण विमानाच्या संगणकाचा बारकाईनं सराव करायचा तर मोठा पडदा बरा.

संगणकात काय भरतात?

वैमानिकाच्या गुडघ्याजवळ छोटा पडदा आणि अक्षरांची बटणं असतात. टाइप केलेलं आधी पडद्याच्या तळाच्या ओळीत दिसतं. मग बाजूचं बटण दाबून ते योग्य रकान्यात बसवायचं. क्रम साधारण असा :

१) कुठून कुठं : प्रत्येक विमानतळाला चार अक्षरी खूण असते. मुंबई व्हीएबीबी, दिल्ली व्हीआयडीपी, जळगाव व्हीएजेएल. पश्चिम भारतातल्या खुणा 'व्हीए'नं सुरू होतात.

२) वाट : आभाळातल्या ठरलेल्या ठिकाणांना नावं असतात, ती ओळीनं भरायची. मध्ये दुवा तुटला तर संगणक तिथं खंड दाखवतो. पाटाचा बांध फुटल्यावर पाणी पुढच्या वाफ्यात जात नाही, तसंच हे. तिथून पुढची वाट संगणकाला कळत नाही.

३) वजन, इंधन आणि उंची : वजन चुकलं की पुढचे सगळे हिशोब चुकतात.

४) उड्डाणाचे तीन वेग : पहिल्या वेगापर्यंतच उड्डाण रद्द करून धावपट्टीवर थांबता येतं. दुसऱ्या वेगाला नाक उचलायचं. तिसरा वेग म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी सुरक्षित वर चढता येईल तो.

५) तपासणी : बोईंगमध्ये वाट बदलली की शेवटी 'एक्झिक्यूट' बटण दाबावं लागतं. त्याआधी नकाशावर वाट नजरेखालून घालायची. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

एका अक्षरानं १५९ जीव गेले

तपासणी का करायची, ते कोलंबियातल्या अपघातावरून कळतं. २० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं विमान काली शहराकडे येत होतं. वैमानिकांना 'रोझो' या ठिकाणाकडे जायचं होतं. नकाशावर त्याची खूण होती 'आर'. पण संगणकात नुसतं 'आर' भरल्यावर भलतंच ठिकाण निवडलं गेलं. बोगोटाजवळचं 'रोमिओ', शंभराहून जास्त मैल दूर. न तपासता बटण दाबलं गेलं आणि विमान डावीकडे वळून डोंगरांत शिरलं. चूक लक्षात आली तोवर उशीर झाला होता. १६३ पैकी फक्त चार जण वाचले.

आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. नंदुरबार तालुक्यात धानोरा आहे, चोपडा तालुक्यात धानोरा आहे आणि गडचिरोलीत तर धानोरा नावाचा अख्खा तालुका आहे. मोबाईलच्या नकाशात पहिलं नाव दाबून निघालेला माणूस कुठं पोहोचेल? रस्त्यावर गाडी थांबवून विचारता येतं, आभाळात तशी सोय नाही.

रेडिओवर कसं बोलतात?

सुरत-भुसावळ मार्गावर सिग्नल मिळाल्याशिवाय रेल्वेगाडी पुढे सरकत नाही. विमानाचंही तसंच. इंजिन सुरू करणं, धावपट्टीवर जाणं, उड्डाण, उंची बदलणं, उतरणं, प्रत्येक पायरीला परवानगी लागते. जमिनीवरचा, मनोऱ्यातला आणि लांबच्या क्षेत्राचा नियंत्रक वेगवेगळा असतो.

मुख्य नियम एकच : उंची, दिशा, धावपट्टी असं जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नियंत्रक म्हणाला, "डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झिरो", म्हणजे पंधरा हजार फुटांपर्यंत खाली या. त्यावर नुसतं "रॉजर" चालत नाही, कारण त्याचा अर्थ फक्त 'ऐकलं' एवढाच होतो. आकडा आणि आपल्या विमानाचं नाव दोन्ही बोलावं लागतं. कळलं नाही तर "से अगेन" म्हणायचं, जमणार नसेल तर "अनेबल". यात कमीपणा काहीच नाही.

'कमळाचा क' म्हणतात तसं इथं अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात. गफलत नको म्हणून नऊला 'नाइनर' म्हणतात.

व्हॅटसिम या फुकट जाळ्यावर जगभरचे हौशी लोक नियंत्रक बनून बसतात आणि सिम्युलेटर उडवणाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलतात. वयाची अट किमान १३ वर्षं. इंग्रजीची भीड मोडायला यासारखी जागा नाही.

चरखी दादरीचा धडा

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आभाळात टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे ३४९ लोक गेले. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायचं होतं, सौदी विमानाला चौदा हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. म्हणजे आकडा ऐकून भागत नाही, तो पाळला जातोय का हेही डोळ्यांनी बघावं लागतं. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी बंधनकारक झाली.

पालकांनी हे लक्षात ठेवावं

घरच्या सिम्युलेटरवर घालवलेले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला वयाची १८ वर्षं पूर्ण आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. शिवाय लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. खर्च लाखांत जातो.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ तांडे इथं प्रशिक्षणाची धावपट्टी आहे, त्यामुळे हे स्वप्न आपल्यापासून फार लांबचं नाही. पण शेत गहाण टाकण्याआधी तीन गोष्टी करा. मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. आदिवासी कुटुंबांनी शिष्यवृत्तीची चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करावी. "सिम्युलेटरवर शिकवून पायलट करतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर सावध राहा.

मग खेळाचा उपयोग काय? सवय. भरलेलं एकदा तपासायचं आणि ऐकलेलं एकदा परत म्हणायचं. ही सवय पोरांना घरात फुकट लागत असेल, तर त्यांना रोज तासभर खेळू द्यायला हरकत नाही.