गुडघ्याला ‘शॉक वेव्ह’ : वेदना थांबतात, पण झीज?

सोलापूरच्या पूर्वभागात बिडी वळणाऱ्या बाईचा सारा दिवस जमिनीवर जातो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू. हजार बिड्या भरेपर्यंत मांडी मोडायला सवड नसते. पन्नाशी ओलांडली की उठताना आधी हात टेकावा लागतो, मग भिंतीचा आधार लागतो आणि शेवटी संडासात बसणे हीच रोजची शिक्षा होते. यंत्रमागावर उभ्याने काम करणाऱ्याची तक्रारही फार वेगळी नसते. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे जो तो म्हणतो. अशा वेळी कोणीतरी सांगते, ‘शॉक देऊन गुडघा बरा करतात, ऑपरेशन लागत नाही.’ साठवलेले चार पैसे त्यासाठी बाहेर काढण्यापूर्वी हा उपचार समजून घेतलेला बरा.

पहिला गोंधळ नावाचा आहे. ‘शॉक वेव्ह’मध्ये विजेचा झटका दिला जात नाही. ही आवाजाच्या जातीची, पण अतिशय जोरदार अशी दाबाची लहर असते. दुसरा गोंधळ ‘शॉर्ट वेव्ह’शी होतो. शॉर्ट वेव्ह डायथर्मी म्हणजे फिजिओथेरपी विभागात वर्षानुवर्षे दिला जाणारा खोलवरचा शेक. नावे सारखी असली तरी उपचार निराळे आहेत आणि खर्चही निराळा. त्यामुळे चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे, ते विचारून घ्यावे.

मुतखड्यापासून गुडघ्यापर्यंत

या लहरी वैद्यकात आल्या त्या मुतखडा फोडण्यासाठी. जर्मनीतील डॉर्निए ही विमाने बनवणारी कंपनी. तिथल्या संशोधनातून निघालेल्या यंत्राने फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे पहिल्यांदा एका रुग्णाचा मुतखडा चिरफाड न करता फोडण्यात आला. पुढे याच लहरी कमी शक्तीने वापरल्या, तर न जुळणारे हाड जुळायला आणि जुनाट टाचदुखी कमी व्हायला मदत होते, असे दिसू लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली. गुडघ्याच्या झिजेसाठी तिचा वापर त्यानंतर वाढत गेला.

उपचार साधा असतो. रुग्णाला पलंगावर झोपवतात, गुडघ्यावर जेल लावतात आणि दुखऱ्या जागी यंत्राचा दांडा टेकवून एकामागून एक ठोके देतात. एका बैठकीत बहुधा हजार-दोन हजार ठोके दिले जातात. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. साधारणपणे आठवड्यातून एक याप्रमाणे तीन ते पाच बैठका होतात. भूल लागत नाही. ठोके बसताना दुखते. नंतर एखाद-दोन दिवस लाली, सूज किंवा काळे-निळे डाग राहू शकतात.

दुखणे कमी कसे होते?

इथे गुडघ्याची रचना लक्षात घ्यावी लागते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते हे खरे, पण कूर्चेला स्वतःची संवेदना नसते. तिच्यात मज्जातंतू नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे स्नायुबंध. म्हणूनच एक्स-रेमध्ये भरपूर झीज असलेला माणूस सिद्धेश्वर यात्रेत तासन् तास चालतो आणि थोडी झीज असलेला जिना चढताना कळवळतो.

शॉक वेव्हचा परिणाम मुख्यतः या दुखऱ्या भागांवर होत असावा. वेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची टोके काही काळ मंदावतात, रक्तपुरवठा वाढवणारे घटक स्रवतात, असे प्रयोगांत आढळले आहे. उंदरांवरील काही प्रयोगांत कूर्चेची झीजही कमी दिसली. परंतु माणसाच्या गुडघ्यात या उपचाराने कूर्चा पुन्हा उगवते, असे सिद्ध झालेले नाही. ‘गुडघा नवा होईल’ असे कोणी सांगत असेल, तर ते पुराव्याच्या पुढचे बोलणे आहे.

वेदनेबाबतचा पुरावा थोडा आशादायक आहे. खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांत शॉक वेव्ह घेतलेल्यांचे दुखणे काही आठवडे ते काही महिने अधिक कमी झाले आणि चालणे सुधारले. मात्र यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत, ठोक्यांची शक्ती व संख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे आणि रुग्णांचा पाठपुरावाही फार लांबपर्यंत झालेला नाही. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या सूचनांमध्ये हा उपचार वापरता येईल असे म्हटले, पण त्या शिफारशीचा दर्जा ‘मर्यादित’ ठेवला.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये?

झीज सुरुवातीची किंवा मध्यम असेल, व्यायाम करूनही दुखणे राहत असेल, आम्लपित्त, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या त्रासामुळे वेदनाशामक गोळ्या घेता येत नसतील, तर डॉक्टरांशी याबद्दल बोलायला हरकत नाही. गुडघा वाकडा झाला असेल, हाडावर हाड घासत असेल, रात्री झोप लागत नसेल, तर बैठकांमागून बैठका घेऊन वेळ आणि पैसा घालवू नये. अशा गुडघ्याला सांधेरोपणाचा विचार करावा लागतो. त्यातील कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये, अधिक कर, अशी होती. शस्त्रक्रियेचा खर्च त्यात धरलेला नव्हता.

गरोदर स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्त न गोठण्याचा विकार असलेले आणि त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांनी हा उपचार टाळावा. गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर ती झीज नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझी झीज कोणत्या टप्प्यात आहे? बैठका किती आणि एकूण खर्च किती? दोन-तीन बैठकांनंतर फरक पडला नाही तर पुढे काय? आणि सोबत व्यायाम कोण शिकवणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर उपचार अर्धवट आहे असे समजावे.

कारण आजही सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आणि वजन कमी करण्याचा आहे. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, मांडीचा स्नायू पाच ते दहा सेकंद ताठ ठेवावा आणि मग सोडावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. एक गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी. शॉक वेव्हने दुखणे काही महिने कमी झालेच, तर तो काळ मांडीचे स्नायू बळकट करण्यासाठी वापरावा. तसे केले तर खर्च सार्थकी लागेल, नाहीतर ठोक्यांचा असर ओसरला की दुखणे परत येईल.

बिडी वळणाऱ्या बाईलाही एवढे करता येईल : सूप उंच स्टुलावर, स्वतः खुर्चीवर आणि दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार पावले. संडासात कमोडची खुर्ची ठेवली तर रोजची एक शिक्षा टळते. ती खुर्ची पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.