पांझरेकाठचा चुन्याचा घाणा

खानदेशातली काळी जमीन खोल नांगरली की पांढरट, गाठीगाठींचे खडे वर येतात. हा कंकर. खडकातला चुना पावसाच्या पाण्यात विरघळून खाली उतरतो आणि कोरड्या हवेत मातीला धरून साकळतो. शेतकऱ्याला त्याचा जाच, गवंड्याला मात्र तो हवाहवासा.

चुना भाजणारे लोणारी हे खडे भट्टीत जळणाबरोबर थरांनी रचून भाजत. सुमारे 900 अंशांवर त्यांतला वायू उडतो, उरते ती चुन्याची कळी. तिच्यावर पाणी पडलं की ती तापते, फुलते, तिचं पीठ होतं. मग वाळू नाहीतर विटांची सुरखी घालून दगडी गोल चरात टाकायचं आणि बैल जुंपून जड दगडी चाक फिरवत राहायचं, चुना लोण्यासारखा होईपर्यंत. जुन्या किल्ल्यांत, गढ्यांजवळ अशा घाण्यांचे चर अजून दिसतात. लाकडी दांडा कधीच गेलेला, भोकाचं चाक तेवढं शेजारी पडलेलं.

शुद्ध चुनखडीचा चुना हवेतच घट्ट होतो. कंकरात माती असते. भाजताना तिचा चुन्याशी संयोग होतो आणि असा चुना पाण्याखालीही दगड बनतो. इंग्लंडात एडिस्टनचं दीपगृह बांधताना 1750 च्या दशकात जॉन स्मीटनने हेच ताडलं. पुढे 1824 मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या गवंड्यांची नावं कुठेच नाहीत, पण पांझरा नदीवरचे फड पद्धतीच्या सिंचनाचे दगडी बंधारे त्यांचेच.

पाटबंधारे खात्यात नोकरी केल्यामुळे मला सांध्यांकडे बघायची सवय आहे. अशाच एका बंधाऱ्याचा निखळलेला ढलपा हातात घेतला, तर राखाडी चुन्यात विटेचे लाल कण आणि ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके होते. हे नीट न विरलेले खडे. नखाने ठिपका उकरला जातो, भोवतालचा चुना हलत नाही.

म्हणून दुरुस्तीला सरसकट सिमेंट फासलेलं पाहिलं की जीव तुटतो. जुना चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटचा कडक थर ती आत कोंडतो आणि सुटताना दगडाचे टवके घेऊन सुटतो. दुरुस्ती चुन्यातच व्हायला हवी. आणि घाण्याचं चाक शेताच्या बांधाला लावण्याआधी चराचा व्यास, चाकाची जाडी मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवा. आसपास राख आणि जळके खडे सापडले तर तिथे भट्टी असणार. ती जागाही नकाशावर घ्या.