पत्नीचा कर्करोग आणि पतीवरील भार : मापनाचा प्रश्न

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यावर जो ताण पडतो, त्यास शुश्रूषाभार म्हणतात. जळगाव-धुळे भागांतील पतींच्या बाबतीत तो अंकांत कसा मांडावा, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

1966 साली होनिग व हॅमिल्टन यांनी भाराची दोन अंगे वेगळी केली. बुडालेली मजुरी, प्रवास, विस्कटलेली घरची घडी हा वस्तुनिष्ठ भार. वाहणाऱ्यास जे जाणवते तो व्यक्तिनिष्ठ. 1980 ची झॅरिट प्रश्नावली मुख्यतः दुसऱ्या अंगाचा शोध घेते. तिच्या प्रचलित रूपात 22 प्रश्न असून कमाल गुण 88 होतात. ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातलगांसाठी रचलेली होती, हे विसरता कामा नये.

खानदेशातील कापूस वा केळी पिकविणाऱ्या गृहस्थास ‘पत्नीचे ओझे वाटते काय?’ असे विचारल्यास तो ‘नाही’ म्हणेल, आणि पत्नी शेजारी बसलेली असल्यास निश्चितच म्हणेल. हे उत्तर खोटे नव्हे; कर्तव्यास ओझे म्हणणे त्यास अप्रशस्त वाटते. शिवाय ओझे म्हटले की डोक्यावरील चाऱ्याचा भारा डोळ्यांपुढे येतो! अशा वेळी अल्प गुणांवरून भार अल्प आहे असे अनुमान काढणे धोक्याचे होय.

पै व कपूर यांनी मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी 1981 साली प्रसिद्ध केलेली मुलाखत-अनुसूची येथे अधिक उपयोगी वाटते. तिच्या 24 बाबींवर मुलाखतकार स्वतः चौकशी करून 0 ते 2 गुण देतो. स्वयंपाक कोण करते? कापसाची वेचणी किती दिवस खोळंबली? जळगावाहून मुंबई लोहमार्गाने सुमारे 420 किलोमीटर. तेथे किती खेपा झाल्या? काय गहाण पडले? उपचाराचा खर्च शासकीय योजनेतून भागला तरी सोबत्याची बुडालेली मजुरी भागत नाही. हे प्रश्न अहिराणीत वा लेवा बोलीत, पतीस एकटे गाठून विचारावेत.

मुलाखतीचा दिवसही नोंदविला पाहिजे. रसायनोपचार बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने दिला जातो. मात्रेनंतरचे दिवस आणि तिसरा आठवडा यांत मोठे अंतर असते.

आणखी एक बाब प्रश्नावल्यांतून सहज निसटते. पत्नीस न्हाऊ घालणे, पथ्याचे करणे ही कामे पुष्कळदा सासू, जाऊ वा मुलगी करते. कधी पत्नी माहेरी जाते. पतीचे गुण तेव्हा उतरतात, परंतु भार केवळ दुसऱ्या स्त्रीच्या माथी गेलेला असतो. म्हणून पतीच्या नोंदीशेजारी त्या स्त्रीचीही नोंद ठेवावी, आणि मुलीने शाळा सोडली असल्यास तीही तेथेच लिहावी.